परसबाग : आमरीला पाण्याआधीं वारा

आषाढ लागला कीं या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. वैशाखांत ‘झाडें होरपळलीं’ अशी तक्रार असते, तर आषाढांत ‘झाडें कुजलीं’ अशी. यंदां त्यांतलीं बरींच पत्रें आमरीविषयीं आहेत. जिला बाजारांत ऑर्किड म्हणतात ती आमरी आतां वाढदिवसाला, बारशाला, गृहप्रवेशाला भेट म्हणून घरोघर येऊं लागली आहे. येतांना ती फुलांनीं लवलेली असते, दोन महिने डोळ्यांचें पारणें फेडते, आणि पहिला पावसाळा सुरू होतांच पिवळी पडून, बुडाशीं मऊ होऊन, आठ-पंधरा दिवसांत नाहींशी होते. आरमोरीच्या एका भगिनींनीं लिहिलें आहे : “मीं तिला एक दिवसही पाण्यावांचून ठेविलें नाहीं, तरी ती गेली. आपल्या या तापट मुलखांत हें झाड जगणेंच शक्य नाहीं काय ?”

शक्य आहे, असें मी या भगिनींस खात्रीनें सांगतें. मात्र ‘एक दिवसही पाण्यावांचून ठेविलें नाहीं’ या त्यांच्या शब्दांतच त्यांच्या झाडाच्या मृत्यूचें कारण आलें आहे. हें बोलण्याचा अधिकार मला पुस्तकांनीं दिलेला नाहीं. तोच अपराध आमच्या घरीं घडून गेला आहे, म्हणून सांगतें.

आमचें बिऱ्हाड घुग्घुसला. चंद्रपुराच्या पश्चिमेस, वर्धा नदीच्या अंगाला असलेलें हें कोळशाच्या खाणींचें गांव. मे महिन्यांत पारा ४५ अंशांपुढें जाणें आम्हांला नवें नाहीं. त्या दिवसांत वाळत घातलेलें धोतर दुसरें टोक दांडीवर टाकीपर्यंत पहिल्या टोकाला सुकतें. जून उलटला कीं तेंच गांव ओल्या घोंगडीखालीं झांकल्यासारखें होतें. उकाडा पुरता जात नाहीं आणि कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहींत. झाडांना वैशाखापेक्षां हे दिवस अधिक कठीण जातात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्याही आली नव्हती.

तीन वर्षांपूर्वीं सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाला धाकट्या भाऊजींनीं नागपुराहून एक आमरी आणिली. फॅलेनॉप्सिस जातीची, पांढऱ्या पतंगांचा थवा बसावा तशीं अकरा फुलें असलेली. सासूबाईंना ती इतकी आवडली कीं, ती त्यांनीं देवघराशेजारच्या खोलींत, आपल्या नजरेसमोर ठेवविली. खोली थंड, पण तिला खिडकी एकच. तीही पावसाच्या झडीमुळें लावून घेतलेली. घरांत आम्ही लहानमोठीं चौदा माणसें. सकाळीं पूजा आटोपल्यावर मामंजी कलशांत उरलेलें पाणी त्या कुंडींत घालीत. नऊ वाजतां जाऊबाई लोटीभर ओतीत. दुपारीं मी घालीत असें. मुलें शाळेंतून आलीं कीं त्यांचाही हात लागे. प्रत्येकाला वाटे, तिची काळजी वाहणारें घरांत आपणच एक आहों.

श्रावणांतल्या दुसऱ्या शुक्रवारीं पान पुसायला धरलें तें हातांत आलें. कुंडी उपडी केली तेव्हां मुळांची साल बोटांबरोबर सरकली आणि आंत नुसता दोरा राहिला. जाऊबाई म्हणाल्या, “तूं दुपारचें पाणी चुकवीत होतीस, म्हणून सुकली.” मीही उलट बोलून गेलें, “तुम्ही सकाळींच लोटीच्या लोटी ओतीत होतां, जाऊबाई, म्हणून सडली.” एवढ्याशा रोपावरून आठवडाभर स्वैपाकघरांत आमचें कामापुरतेंच बोलणें चाललें. सासूबाई कांहींच बोलल्या नाहींत. रिकामी कुंडी मात्र त्यांनीं दिवाळीपर्यंत तेथून हलवूं दिली नाहीं. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांना निराळें सांगावयास नको कीं, असें मुकाट बसणें बोलण्यापेक्षां अधिक लागतें.

आतां याच घराच्या परसांतली दुसरी गोष्ट ऐकावी. आमच्या जुन्या आंब्याच्या फांदीवर पट्ट्यासारख्या जाड, पन्हाळीदार पानांचा एक झुबका कित्येक वर्षें होता. त्यांतून दोरखंडासारखीं पांढुरकीं मुळें हवेंत लोंबत. मामंजी त्याला बांडगूळ समजत, आणि पावसाआधीं कोयत्यानें खरवडून काढावयाचें असा त्यांचा बेत दर साल ठरे व दर साल राही. त्याला पाणी घालणें तर दूरच, त्याकडे कोणी पाहिलेंही नव्हतें. त्याच वर्षीं ज्येष्ठांत त्यावर फुलांची काठी उभी राहिली. पाकळ्या पिवळट हिरव्या, त्यांवर तपकिरी चौकटी, मधली जीभ जांभळी, आणि सकाळच्या वेळीं मंद सुवास. वनखात्यांतून निवृत्त झालेले शेजारचे काका म्हणाले, “अहो, हें बांडगूळ नव्हे. ही वांडा. आपल्या रानची आमरी.”

म्हणजे एकाच घरीं, एकाच हवेंत, चौदा माणसांनीं जपलेली आमरी कुजली आणि कोणींही न जपलेली फुलली. यांतलें मर्म समजून घेतलें तर आरमोरीच्या भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर आपोआप मिळेल.

प्रथम बांडगुळाचा गैरसमज दूर करूं. खरें बांडगूळ आपलीं शोषकें झाडाच्या सालींतून आंत घुसवून त्याचा रस पितें, आणि त्यामुळें फांदी वाळते. आमरी फांदीला केवळ मुळांनीं कवटाळून बसते. तिला आंब्याकडून बसावयास जागा हवी असते, अन्न नको असतें. पाणी पावसाचें व दंवाचें, अन्न सालीच्या खांचांत सांचलेल्या पालापाचोळ्याचें व पाण्याबरोबर वाहत आलेल्या क्षारांचें. हा घोटाळा मात्र जुना आहे. संस्कृतांत झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींना ‘वंदा’ म्हणत, त्यांत बांडगूळही आलें व आमरीही आली. सर विल्यम जोन्स यांनीं हें नांव पाश्चात्य पंडितांपुढें मांडलें, आणि १८२० सालीं रॉबर्ट ब्राऊन यांनीं तेंच एका प्रजातीचें शास्त्रीय नांव म्हणून मुक्रर केलें. आमच्या आंब्यावरील जातीचें पुरें नांव ‘वांडा टेसेलेटा’. टेसेलेटा म्हणजे चौकटीदार. तें विशेषण रॉक्सबर्ग यांनीं १७९५ सालीं तिच्या पाकळ्यांवरून योजिलें. बंगालकडचे वैद्य हिचींच मुळें रास्ना म्हणून वापरीत आले आहेत. तेव्हां जगभरच्या बागांत मिरविणारें ‘वांडा’ हें नांव आपल्याच भाषेच्या माहेरचें आहे.

आतां मुळांविषयीं. आमरीचें मूळ नीट पाहावें. कोरडें असतां तें चांदीसारखें पांढरें दिसतें. ओलें होतांच पोपटी हिरवें होतें. याचें कारण असें कीं, मुळाभोंवतीं मृत पेशींचें एक स्पंजासारखें आवरण असतें. पावसाची सर आली कीं तें थोड्याच वेळांत पाणी टिपून घेतें, मग हळूहळू आंत पोंचवितें व पुन्हा कोरडें होतें. कोरडें झालें कीं त्याच्या पोकळ्यांत हवा भरते आणि त्या हवेवर आंतलें जिवंत मूळ श्वास घेतें. ओलें व्हावें, वाळावें, पुन्हा ओलें व्हावें, हा त्या मुळाचा आयुष्यक्रम आहे. हें आवरण रात्रंदिवस भिजलेलें राहिलें तर मुळाचा श्वास कोंडतो आणि तें सडतें. सडलेलें मूळ पाणी पिऊं शकत नाहीं, म्हणून पानें सुरकुततात. सुरकुतलेलीं पानें पाहून आपणांस वाटतें कीं तहान लागली, आणि आपण आणखी पाणी ओततों. आमच्या घरीं हेंच झालें. जाऊबाईंना ती सुकलेली दिसली व मला सडलेली दिसली. दोघीही जें पाहत होतों तें खरेंच होतें.

पण दमट उकाडाच एवढा घातक कां ? विदर्भांतल्या भगिनींना हें समजाविण्यास त्यांच्या घरचा कूलरच पुरे. मे महिन्यांत कूलर खोली गार करतो, कारण बाहेरची हवा कोरडी असून ती वाळ्याच्या ताट्यांतलें पाणी झपाट्यानें शोषून घेते, आणि पाण्याची वाफ होतांना उष्णता जाते. जुलैंत तोच कूलर कितीही फिरला तरी खोली गार न होतां नुसती चिकट होते, कारण हवेंत आणखी पाणी मावतच नाहीं. झाडाचें पानही असाच एक कूलर आहे. कोरड्या हवेंत त्यांतून पाण्याची वाफ होत राहते आणि खालून मूळ पाणी ओढीत राहतें. हवा ओलाव्यानें भरली व वारा पडला कीं ही ओढ मंदावते. मूळ पाणी उचलीत नाहीं, पानावरचा थेंब वाळत नाहीं, आणि त्या स्थिर ओलींत बुरशी व सडविणारे जंतू यांचें फावतें. त्यांतून पुष्कळ आमरी आपल्या पानांवरील सूक्ष्म छिद्रें दिवसां मिटून रात्रीं उघडतात. कोरड्या फांदीवर पाणी जपून वापरण्याची ही त्यांची रीत. म्हणून रात्र कोंदट गेली तर त्यांना दुहेरी जाच होतो.

मात्र दमटपणा हा स्वतः शत्रु नव्हे. सिंगापूर विषुववृत्ताशेजारी आहे, आणि तेथें बारा महिने हवा दमट असते. तेथेंच अॅग्नेस जोकिम या आर्मेनियन कुटुंबांतल्या बाईंच्या बागेंत एक संकरित वांडा निपजली. १८९३ सालीं तिची शास्त्रीय नोंद झाली, बाईंचेंच नांव तिला मिळालें, आणि १९८१ सालीं तें फूल सिंगापूरचें राष्ट्रीय पुष्प ठरलें. तेथें ती उघड्यावर, उन्हांत व समुद्राकडच्या वाऱ्यांत वाढते. उलट इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं श्रीमंतांनीं हिंदुस्थान व अमेरिका येथून आमरींचे पेटारे नेले आणि त्या बंद, तापविलेल्या, वाफाळलेल्या कांचघरांत कोंडल्या. उष्ण देशाचें झाड म्हणजे जितकी ऊब तितकें बरें, असा त्यांचा समज. असंख्य झाडें मेलीं. चॅट्सवर्थच्या बागेचे प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनीं खासी टेकड्यांत माणूस पाठवून आमरी गोळा करविल्या, आणि कांचघराला हवा खेळती ठेवून, ऊब बेताची ठेवून त्या जगविल्या. आम्ही देवघराशेजारच्या खोलींत जें केलें तें त्या जुन्या कांचघराचेंच घरगुती रूप होतें.

एवढें तत्त्व कळलें कीं पुढचे नियम थोडे व सोपे आहेत.

जागा. पावसाळ्यांत आमरी खोलींत ठेवूं नये. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या पडवींत, जेथें सकाळचें कोंवळें ऊन येतें आणि वारा आरपार जातो, तेथें ती टांगावी. जमिनीवर किंवा भिंतीला चिकटून ठेवूं नये. वारा अगदींच पडला असेल तर पंखा मंद गतीनें लावून पान नुसतें हलेल इतकी हवा द्यावी. हा पंखा रात्रीं अधिक उपयोगी पडतो. दोन रोपांत वीतभर अंतर असावें. उजेड पुरेसा आहे कीं नाहीं हें पान सांगतें. पान काळसर हिरवें झालें तर उजेड कमी आहे असें समजावें. पिवळट किंवा तांबूस झालें तर अधिक. दुपारीं पानाला हात लावून पाहावा. तें तापलेलें लागलें तर त्या क्षणीं पाणी शिंपडूं नये. झाड सांवलींत घ्यावें.

कुंडी. बाजारांतून येणारें रोप पुष्कळदां शेवाळांत किंवा काथ्यांत घट्ट बसविलेलें असतें. दुकानदाराच्या दृष्टीनें तें सोईचें असलें तरी आपल्या आषाढांत तें झाडाला मारक ठरतें. फुलें गळून गेल्यावर, पाऊस लागण्यापूर्वीं, तें सोडवून सागवानी पट्ट्यांच्या टोपलींत किंवा चहूंकडून भोंकें पाडलेल्या मातीच्या कुंडींत बसवावें. टोपलींत विटांचे तुकडे आणि लोणारी कोळसा घालावा, माती मुळींच घालूं नये. येथें घुग्घुसकरांस एक सूचना. आमच्या गांवीं कोळसा म्हटलें कीं खाणीचा कोळसा डोळ्यांपुढें येतो, आणि एका परिचित बाईंनीं खरोखरच तोच टोपलींत भरला. दगडी कोळशांत गंधक असतो. त्यावर पाणी पडत राहिलें कीं त्याचें आम्ल होऊन तें मुळांना भाजतें. पाहिजे तो लाकडाचा कोळसा. नारळाच्या शेंडीचे तुकडे घालावयाचे असल्यास दोन-तीन दिवस पाणी बदलीत भिजवून त्यांतला खारटपणा काढावा, व पावसाळ्यांत तेही थोडेच घालावे.

पाणी. घड्याळ पाहून पाणी घालूं नये, मूळ पाहून घालावें. मूळ पांढरें दिसलें तर पाणी द्यावें, हिरवें असलें तर देऊं नये. वैशाखांत टोपलींतील वांडाला सकाळीं एकदां आणि ऊन उतरल्यावर पुन्हा एकदां पाणी लागेल. आषाढ-श्रावणांत झड लागली असतां आठवडाभर एक थेंबही लागणार नाहीं. पावसाळ्यांत पाणी घालावयाचें तर सकाळींच, म्हणजे रात्र होईपर्यंत पानांचे बेचके कोरडे होतात. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या पोंग्यांत पाणी सांचणें हें तिचें मरणच. रानांत ती झाडाच्या खोडावर कलती होऊन लोंबते, त्यामुळें पाणी ओघळून जातें. आपण तिला उभी ठेवतों आणि तिच्या माथ्यावर तळें करतों. म्हणून कुंडी थोडी कलती ठेवावी, व पोंग्यांत पाणी दिसल्यास कापसाच्या बोळ्यानें टिपून घ्यावें. ज्या पाण्यानें भांड्यावर पांढरा थर चढतो तें आमरीलाही चालत नाहीं. त्याचा तोच थर मुळांवर बसतो. पागोळ्यांचें स्वच्छ पाणी हंड्यांत भरून ठेवावें. तें ऐन हिवाळ्यापर्यंत पुरवितां येतें. हंडा झांकून ठेवावा, म्हणजे डांस होणार नाहींत.

उन्हाळ्याची तजवीज याच्या उलट. तेव्हां हवेंत ओल नसते, ती आपण करावयाची. परातींत खडे पसरून त्यांत पाणी घालावें आणि खड्यांवर कुंडी ठेवावी. कुंडीचें बूड पाण्याला लागूं देऊं नये. हिरवी जाळी बांधावी, दुपारीं भोंवतालची फरशी भिजवावी, एखादें ओलें गोणपाट वाऱ्याच्या बाजूला टांगावें. कूलरच्या तोंडाशीं झाड ठेवूं नये, खोलीच्या दुसऱ्या टोकाला चालेल.

धूळ. आमच्याकडे कोळशाची काळी धूळ पानांवर बसते, इतरत्र रस्त्याची बसते. तिनें उजेड अडतो. आठ दिवसांनीं सकाळीं ओल्या मऊ फडक्यानें पान खालून हात धरून पुसावें. चकाकी यावी म्हणून दूध किंवा तेल लावण्याची कांहींची रीत आहे, ती सोडून द्यावी.

खत. पांढरीं मुळें जोमानें वाढत असतील तेव्हांच, तेंही अगदीं पातळ द्यावें. पुडीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या पावपट पुरे. मधून एकदां नुसत्या पाण्यानें टोपली धुऊन काढावी. शेणखत किंवा पेंडीचें पाणी दमट दिवसांत घालूं नये. त्यानें मुळांशीं कुजकट थर सांचतो.

रोग. पानावर पाणी भरल्यासारखा, कडेनें पिवळसर डाग पडून तो रोज पसरूं लागला, किंवा त्याला घाण येऊं लागली, तर वाट पाहूं नये. पातें दिव्याच्या ज्योतीवर तापवून निववून घ्यावें, निरोग्या भागाच्या बोटभर आंतून पान कापावें, कापल्या जागीं दालचिनीची पूड दाबावी, आणि तें झाड इतरांपासून दूर, वाऱ्यावर, चार-पांच दिवस कोरडें ठेवावें. दालचिनी मुळांवर पडूं देऊं नये, ती त्यांना सुकविते. प्रत्येक झाडाला पातें पुन्हा तापवावें. नाहीं तर वैद्यच रोग पसरवावयाचा. पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटांत बुडविलेल्या कापसानें पुसून काढावा. पावसांत गोगलगाई रात्रीं कोंवळीं मुळें खातात, त्या कंदील घेऊन वेंचाव्या लागतात. मुलांना हें काम फार आवडतें.

कोणती जात घ्यावी, असेंही पुष्कळांनीं विचारलें आहे. दार्जिलिंग-सिक्कीमकडच्या सिंबिडियमला थंड रात्री लागतात. ती आपल्याकडे जगली तरी फुलणें कठीण. डेंड्रोबियमच्या बाजारांत मिळणाऱ्या संकरित जाती उष्ण हवेंत चांगल्या तग धरतात, आणि नवशिक्यांनीं तेथूनच आरंभ करावा. मात्र तांब्याचीं बुरशीनाशकें या जातीला बाधतात, हें लक्षांत ठेवावें. वांडाला ऊन व वारा दोन्ही मानवतात. फॅलेनॉप्सिस देखणी खरी, पण तिला पुन्हा फुलांची काठी येण्यास कांहीं आठवडे गारव्याच्या रात्री लागतात. म्हणून आपल्याकडे ती उन्हाळ्यांत फुलली नाहीं तर तिला दोष देऊं नये. दिवाळीनंतरच्या थंडीची वाट पाहावी.

आतां एक विनंती. ही माहिती वाचून कोणी ताडोबाकडे किंवा गडचिरोलीच्या रानांत सहलीस गेलें असतां मोहाच्या, आंब्याच्या खोडावरील आमरी ओरबाडून आणूं नये. वनांतून अशी वनस्पति काढणें हा १९२७ च्या वन कायद्याप्रमाणें अपराध आहे, आणि आमरींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत. पण कायद्याहून मोठें कारण निराळें आहे. आमरीच्या एका शेंगेंत धुळीसारखें असंख्य बीं असतें, पण त्या बियांत अंकुराला पुरेल असें अन्नच नसतें. विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच तें रुजतें. ही गोष्ट नोएल बर्नार यांनीं १८९९ सालीं फ्रान्सांत उघडकीस आणिली. रानांत लाखांतलें एखादें बीं रुजावें आणि तें फुलावयास कित्येक वर्षें लागावीं, असा हा हिशेब. पुढें १९२२ सालीं अमेरिकेंतील लुईस नड्सन यांनीं बाटलींत साखर व क्षार घालून, बुरशीवांचून, बीं रुजविण्याची युक्ति सिद्ध केली. तिच्यामुळें आज रोपवाटिकेंत आमरी माफक किंमतीस मिळते. इतकी सोय असतां रानांतली आणणें म्हणजे दारीं नळ असतां दुसऱ्याची विहीर उपसण्यासारखें आहे. आसामांत बिहूच्या सणाला स्त्रिया कोपौ नांवाची आमरी केसांत माळतात; आपल्याकडे तीच सीतेची वेणी या नांवानें ओळखली जाते. एवढें सुंदर नांव दिलेलें फूल आपल्या मुलींनीं पुस्तकांतच पाहावें, असें आपणांपैकीं कोणालाही वाटणार नाहीं.

आमच्या वांडाचें पुढें काय झालें तें सांगून लेख पुरा करतें. गेल्या वर्षीं वळिवाच्या वादळांत परसांतला आंबा मुळापासून उन्मळला. मामंजींनींच, ज्यांनीं तिला इतकीं वर्षें बांडगूळ म्हटलें त्यांनींच, आधीं ती फांदी अलगद कापून घ्यावयास लाविली, मग बाकीचें लांकूड. सालीच्या तुकड्यासकट ती आम्हीं सागवानी टोपलींत बांधून पूर्वेच्या पडवींत टांगली. त्या दिवशीं जेवणें झाल्यावर घरांत एक ठराव झाला : पाणी एकानेंच घालावयाचें. तें काम जाऊबाईंकडे आलें. माझ्याकडे मुळें पाहण्याचें. मुलांकडे गोगलगाई. इतर कोणीं, कितीही माया आली तरी, लोटी उचलावयाची नाहीं. टोपलीखालीं खिळ्याला मुलांची जुनी पाटी अडकविली आहे, तिच्यावर शेवटचें पाणी कोणत्या दिवशीं घातलें तें जाऊबाई लिहितात. आषाढांत कधीं कधीं तीच तारीख नऊ-दहा दिवस तशीच राहते.

यंदां ज्येष्ठांत तिला सात फुलें आलीं. सासूबाईंना हात धरून पडवींत आणलें. देवाला एक फूल काढूं काय, म्हणून मीं विचारलें, तर म्हणाल्या, “असूं दे. तेथूनच पोंचलें.” मग पाटीकडे पाहून त्यांनीं विचारलें, “पाणी कोण घालतें ?”

“जाऊबाई,” मी म्हणालें.

“आणि तूं ?”

“मी घालीत नाहीं.”

त्या पुष्कळ दिवसांनीं मनापासून हंसल्या आणि म्हणाल्या, “हें बरें जमलें तुम्हां दोघींना.” देवघराशेजारची ती रिकामी कुंडी त्यांनीं स्वतःच काढून दिली. तिला चहूंकडून भोंकें पाडून घेतलीं आहेत. येत्या हिवाळ्यांत तींत एक डेंड्रोबियम बसवावयाची आहे.

आरमोरीच्या भगिनींनींही आपली रिकामी कुंडी टाकून देऊं नये. पुढील अंकीं, श्रावणांत पत्रीसाठीं लागणारीं झाडें कुंडींत कशीं राखावीं, याचा विचार करूं.